संकल्प सोडणारे अण्णा

आपल्याकडे संकल्प करत नाहीत, सोडतात. पूजेला बसलं की गुरुजी उजव्या हातावर पळीभर पाणी घालतात, तिथी-वार-नक्षत्र सांगतात, आणि ते पाणी बोटांवरून ताम्हनात सोडलं की संकल्प सुटला. या क्रियापदातली मेख माझ्या लक्षात आली ती आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांमुळे. अण्णा गेली चौदा वर्षं नेमाने संकल्प सोडत आहेत. दोन्ही अर्थांनी.

अण्णा पाटबंधारे खात्याच्या ठाण्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. ३१ मे २०११ला निवृत्त झाले. ३१ मे ही सरकारी नोकरांच्या निरोपसमारंभांची हमखास तारीख. एके काळी शाळेत नाव घालताना ज्याची जन्मतारीख घरच्यांना सांगता यायची नाही, त्याला गुरुजी १ जून लावून टाकत. आणि एक तारखेला जन्मलेल्याला सरकार आदल्या दिवशीच नारळ देतं. अण्णांचा खरा जन्म नागपंचमीच्या आगेमागे कधीतरी झाला. त्यामुळे त्यांना वाढदिवस दोन, आणि म्हणून संकल्पाचे मुहूर्तही दोन जास्त. १ जानेवारी आहेच. १ एप्रिल आहे, कारण आर्थिक वर्ष बदलतं तर माणसाने का बदलू नये? मग गुढीपाडवा, मग कागदोपत्री वाढदिवस, मग खरा वाढदिवस, मग दिवाळीचा पाडवा. सरासरी दोन महिन्यांनी एक नवा अण्णा जन्माला येतो, आणि त्याची वर्दी आम्हाला फ्रिजवरून मिळते.

फ्रिजवर परिपत्रक लागतं. चुंबकाखाली, टाचणीचं भोक पाडून (चुंबक असताना भोक कशाला, हे विचारायचं नाही). मी एक उतरवून घेतलं होतं:

‘विषय : पहाटे उठणेबाबत. संदर्भ : दि. १ जानेवारीचे समविषयक परिपत्रक. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अधोस्वाक्षरीकार हे दि. १ एप्रिलपासून रोज पहाटे ४.३० वाजता उठतील. सबब, रात्री ९.३० नंतर टीव्हीचा आवाज कमी ठेवण्यात यावा. प्रत माहितीसाठी : सौ., चि. सौ. कां. मुलगी (पुणे), शेजारी.’

शेजारी म्हणजे मी.

साडेचारचा गजर त्या वेळी खरोखर झाला. तो मला ऐकू आला, माझ्या खालच्या मजल्यावरच्यांना ऐकू आला, गेटवरच्या वॉचमनला ऐकू आला. अण्णांना ऐकू आला नाही. सौ., म्हणजे माई, उठल्या, गजर बंद केला, आणि उठलेच आहे तर म्हणून दूध तापवायला ठेवलं. माई गेली पन्नासेक वर्षं पाचला उठतात. त्याचं परिपत्रक कुठे लागल्याचं मला स्मरत नाही.

संकल्प मोडला असं अण्णा कधीही म्हणणार नाहीत. सरकारी कामात काही मोडत नसतं. पहिल्या आठवड्यात अडचण आली तर संकल्पाला ‘मुदतवाढ’ मिळते. दुसऱ्या आठवड्यात तो ‘तूर्त स्थगित’ होतो. महिन्याने विचारलं तर ‘प्रकरण दप्तरी दाखल’. साखर बंदच्या काळात कोणाच्या तरी बारशाला दोन जिलब्या आधी खाऊन झाल्या आणि मग त्यांनी माईंकडे पाहिलं. मी म्हटलं, “अण्णा, हे काय?” म्हणाले, “कार्योत्तर मंजुरी घेतोय.” माईंनी मान हलवली. तिसरी जिलबी मंजुरीनंतरची होती, म्हणजे ती नियमात बसली.

त्यांचा सगळ्यात लाडका शब्दप्रयोग मात्र ‘तत्त्वतः मान्य’. माई म्हणतात, अहो, जरा कोथिंबीर निवडून देता का? “तत्त्वतः मान्य.” गच्चीवरच्या टाकीची गळती बघायला येता का, असं मी विचारतो. “तत्त्वतः मान्य.” यात नकार नाही, होकार आहे, फक्त तो ज्या जगात अमलात येतो ते जग डोंबिवलीत नाही.

हे सगळं सांगतोय म्हणून माझं फार बरं चाललंय असा समज नको. माझ्याकडे व्यायामाची सायकल आहे. तिच्या हँडलवर टॉवेल वाळतो, सीटवर इस्त्रीचे कपडे बसतात. अण्णांनी निदान सुरुवात तरी सहा वेळा केलेली असते.

चालण्याचा संकल्प बराच टिकला होता. मुलीने फोनमध्ये पावलं मोजणारं काहीतरी घालून दिलं आणि रोज दहा हजार सांगितली. पहिले काही दिवस अण्णा नवे बूट घालून निघाले. चौकापर्यंत जाऊन स्वारी चहाच्या टपरीवर थांबायची, कारण चालणाऱ्या माणसाने पाणी प्यावं असं डॉक्टर सांगतात आणि चहात पाणीच असतं. पुढे एकदा मी वर गेलो तर अण्णा हॉलमधल्या झोपाळ्यावर बसून मंद झोके घेत होते आणि फोन मांडीवर आपटत होता. “तीन हजार झाली,” म्हणाले, “जेवणाआधी चार करतो.” मी चिडून त्यांना सांगितलं की दहा हजार हा काही वैद्यकशास्त्रातून निघालेला आकडा नाही, १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, तिथून तो आकडा जगभर गेला. अण्णांनी झोका थांबवला.

“म्हणजे आकडा शासकीय नाही?”

“नाही.”

“मग जाहिरातीच्या आकड्यावर आपण कार्यवाही का करायची?” आणि त्यांनी तो सहा हजारांवर आणला. तेव्हापासून ज्ञानदान करताना मी जपून असतो.

तरी पुन्हा फसलो. मुलीनेच एक पुस्तक पाठवलं होतं, त्यात लिहिलं होतं की कोणतीही सवय २१ दिवसांत लागते. अण्णा महिनाभर जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे ‘एकवीस’ म्हणत होते. गणपतीच्या दूर्वा एकवीस, मोदक एकवीस, म्हणजे शास्त्रालाही हे आधीच माहीत होतं वगैरे. मला राहवलं नाही. म्हटलं, अण्णा, हे एकवीस मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून आले. नाक-चेहरा सरळ करून घेतलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याने आपल्या पेशंटांत पाहिलं आणि १९६०च्या पुस्तकात लिहिलं. पुढे लोकांनी ‘निदान’ गाळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना रोजची एकेक साधी गोष्ट करायला लावून मोजलं, जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, जेवणाआधी पळणं असल्या. अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले.

“सरासरी सोडा,” अण्णा म्हणाले. “किमान किती, कमाल किती?”

“किमान १८. कमाल २५४, असा त्यांचा अंदाज निघाला.”

“२५४.” त्यांनी खिशातलं पेन काढून वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहिलं आणि खाली सही केली. “कमाल मर्यादा मंजूर असताना आधी काम संपवणं म्हणजे पुढच्या वर्षी मुदत कमी करून घेणं.”

मी घाईघाईने पुढची गोष्टही सांगून बसलो, की त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं बिघडत नाही असं आढळलं होतं. अण्णांचा चेहरा उजळला. संध्याकाळी फ्रिजवर पुरवणी परिपत्रक होतं. संकल्पाला वर्षाकाठी आठ दिवस किरकोळ रजा, शिवाय अर्जित रजा नियमानुसार, आणि रविवार व दुसरा-चौथा शनिवार धरायचा नाही.

खरं तर लंडनला जायची गरज नव्हती. नव्याचे नऊ दिवस, हा आकडा आपल्या पूर्वजांनी काढून ठेवला आहे, आणि अण्णांच्या प्राणायामाला तो तंतोतंत लागू पडला. त्यांच्या आईचं निराळंच होतं. माई सांगतात, सासूबाई आषाढी एकादशीला नेम धरायच्या आणि कार्तिकीला सोडायच्या. चार महिने. कधी एकभुक्त, कधी मौनाने जेवण, कधी पानात मीठ वाढून घ्यायचं नाही. कोणी त्यांना हे कसं जमतं म्हणून विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अण्णा या परंपरेत फक्त कांदेनवमीपुरते आहेत. त्या दिवशी भजी, थालीपीठ, कांद्याचं पिठलं असं सगळं श्रद्धेने होतं. दशमीला फोडणीत कांदा दिसला तर म्हणतात, “चातुर्मास बायकांचा.”

दोनेक वर्षांपूर्वी मुलीने फोनवर नवीन सूर लावला. ती पुण्यात कुठल्याशा कंपनीत लोकांना प्रशिक्षण देते. म्हणाली, “बाबा, तुम्ही नवीन लावून घ्यायच्या मागे आहात. आधी जुनं अनलर्न करा.”

अण्णा अस्वस्थ झाले. कामाचं नव्हे, शब्दाचं वाटलं त्यांना. ज्याला मराठी शब्द नाही ती गोष्ट फाइलवर घेता येत नाही. दोन दिवस ‘अनध्ययन’, ‘विशिक्षण’, ‘प्रतिशिक्षण’ चाललं होतं. माई गवार मोडत होत्या. त्या म्हणाल्या, “सोडा म्हणतेय ती. सोडा.”

मग कोणती सवय सोडायची याची यादी. अण्णांनी मला बोलावलं, त्रयस्थ म्हणून. मी त्यांना त्यांच्या बसण्याबद्दल सांगितलं. अण्णा स्वतःच्या घरात, स्वतःच्या तीन माणसांच्या सोफ्यावर, एकटे असताना, अगदी कडेला अर्ध्या मांडीवर बसतात. एक पाय बाहेर, एक हात वर, जणू कडी धरलीय. जवळजवळ तेहतीस वर्षं डोंबिवली ते ठाणे चौथी सीट. लोकलमधल्या तिघांच्या बाकावर चौथ्याला जेवढी जागा मिळते तेवढ्यातच त्यांचं नोकरीचं आयुष्य बसलं, आणि निवृत्तीनंतर सोफा आला तरी देह तेवढाच पसरतो. दुसरं, ठाण्याच्या अलीकडे पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की उठून दाराकडे सरकायचं. ती सवय आता लग्नात, नाटकात, सत्यनारायणात दिसते. आरतीची शेवटची ओळ यायच्या आत अण्णा चपलांपाशी असतात. एकदा एका शोकसभेत वक्ता ‘आणि शेवटी’ म्हणाला तेव्हा अण्णा दारात पोचलेले होते. तो पुढे पस्तीस मिनिटं बोलला आणि अण्णा उंबऱ्यावर उभे राहिले, परत जाऊन बसावं तर जागा गेली असणार या खात्रीने. त्यांच्या खुर्चीकडे कोणी फिरकलंही नव्हतं.

सोफ्यावर मागे टेकून बसायचा संकल्प सुटला. पहिल्या दिवशी ते टेकले आणि पाच मिनिटांत झोपले. दुसऱ्या दिवशी पाठ धरली. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर मध्यभागी बसले होते, पण भयंकर अवघडून, दोन्ही बाजूंना कोणीतरी बसलंय आणि त्यांचा धक्का लागेल अशा बेताने खांदे चोरून. “जमतंय,” म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसलो मात्र, अण्णा सवयीने सरकून कडेला गेले आणि त्यांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते पाहून मीच म्हटलं, राहू द्या.

आता पडवळाचं सांगितलं पाहिजे.

२०१३च्या थंडीत अण्णा आणि माई त्रिस्थळी यात्रेला गेले होते. प्रयाग, काशी, गया. गयेला अक्षयवटापाशी आपली एखादी आवडती वस्तू सोडायची रीत आहे, एखादी भाजी, एखादं फळ. पुन्हा जन्मभर खायचं नाही. सोडायचं या क्रियापदात अण्णांचा हातखंडा, त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता पडवळ सोडलं. पडवळाला अण्णांनी त्याआधीही जन्मात तोंड लावलं नव्हतं. परत आल्यावर हा किस्सा त्यांनी सगळ्यांना टाळ्या घेत सांगितला. “एकही पैसा खर्च न होता पुण्य,” असं म्हणायचे. आम्ही हसायचो. अनेकांनी असंच केलेलं होतं. कोणी कारलं सोडलं होतं, कोणी दुधी. माईंनी काय सोडलं ते कोणी विचारलं नाही.

गेल्या भाद्रपदात ऋषिपंचमीला आमच्याकडे ऋषीची भाजी होती. माई वरून येऊन निवडायला बसल्या होत्या. अळू, भेंडी, दोडका, मक्याचं कणीस, लाल भोपळा, आणि हातभर पडवळ. जेवायला बसल्या आणि मी पाहिलं, त्या पानातले पडवळाचे तुकडे वेचून आधी खात होत्या, मुलं लाडूतले बेदाणे वेचून खातात तसे. तेवढ्यात किल्ली मागायला अण्णा आले आणि दारात थांबले.

“तुला पडवळ आवडतं?”

“माहेरी वेल होता ना परसात,” माई म्हणाल्या. माहेर अलिबागकडचं. “बाबा टोकाला दगड बांधायचे, सरळ वाढावं म्हणून. वालाची डाळिंबी घालून आई काय करायची!”

“मग घरी का करत नाहीस?”

“तुम्ही सोडलंत ना गयेला.”

“मी सोडलं. तू कुठे सोडलंस?”

“दोन माणसांच्या घरात दोन भाज्या कोण करतं?” माईंनी आणखी एक तुकडा शोधला. तक्रार नव्हती, हिशेब होता. मी मनात मोजलं. बारा वर्षं. यालाच आपल्याकडे तप म्हणतात.

अण्णा ‘मुद्दा नोंदवून घेतला’ म्हणाले नाहीत. किल्लीही न घेताच वर गेले आणि कुलपापाशी बराच वेळ उभे राहिले असावेत, कारण दहा मिनिटांनी परत आले.

रात्री ते माझ्याकडे आले. सोफ्याच्या कडेला बसले. “सोडलेलं परत धरता येतं का हो? आदेश अधिक्रमित करायचा तर सक्षम प्राधिकारी कोण?” मी म्हटलं, गयेचं प्रकरण आहे, मी काय सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या गुरुजींना फोन लावला आणि माझ्यासमोर, स्पीकरवर, सगळी केस मांडली. गुरुजी दुसऱ्या पूजेच्या घाईत होते. म्हणाले, “आवडती वस्तू सोडायची असते, अण्णा. तुम्ही नावडती सोडलीत. तुमचा संकल्प सुटलाच नाही मुळी. खा खुशाल.”

अण्णांनी फोन ठेवला. “आरंभापासूनच अवैध,” ते पुटपुटले. इतकी वर्षं सांगितलेला किस्सा, टाळ्या, पुण्य, सगळंच बाद झालं होतं.

संध्याकाळी स्टेशनच्या बाजारातून ते चालत आले. पिशवीतून पडवळ दीड हात बाहेर आलेलं होतं आणि अण्णा ते छत्रीसारखं काखेत धरून, गेटवरच्या वॉचमनकडे न बघता, लिफ्टमध्ये शिरले. वाकडं होतं, दगड न बांधलेलं. माईंना वाल भिजवून, मोड आणून, सोलायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून वर गेलो. फ्रिजकडे आधी पाहिलं. चुंबकाखाली फक्त लाइटचं बिल होतं.

मी जेवून गेलो होतो, म्हणून नुसता बसलो. माईंनी अण्णांना वाढलं आणि पोळ्या लाटायला आत गेल्या. अण्णांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले, मग पाणी प्यायले. दुसरा घास. पाणी. खुर्चीच्या कडेला अर्धे बसून, पारसिकचा बोगदा केव्हा येतो याची वाट बघणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने त्यांनी पानातली सगळी भाजी संपवली. मग आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अगं, थोडी भाजी वाढ.”

माईंनी वाढली, शेवटची पोळी तव्यावरून काढली, गॅस बंद केला आणि आपलं पान घेऊन बसल्या. डाळिंबीचा एक दाणा आणि पडवळाचा एक तुकडा असा जमवून घास घेतला. थांबल्या.

“अगंबाई, मीठच घातलं नाही मी! अहो, दोनदा खाल्लीत, बोलला नाहीत?”

अण्णांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

“मला वाटलं,” ते म्हणाले, “पडवळ असंच लागतं.”